सात वेळा तोडलेला डोंगर

"मग तोडलं म्हंजे काय, ते तरी सांग."

शेवडेबाई उत्तराला तोंड उघडणार, तोच बुवांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. बाई घटाघटा पाणी प्यायल्या. चढ चढून आल्या होत्या आणि दम अजून उतरला नव्हता.

"तोडलं म्हणजे... जिथे जंगल होतं, तिथे ते उरलं नाही."

"आणि जंगल म्हंजे?"

"पाच मीटरपेक्षा उंच झाडं. शिवाय त्यांच्या डोक्याची सावली जमिनीच्या दहाव्या हिश्श्यावर तरी पडायला हवी. त्याहून कमी भरलं, तर ते जंगल नाही."

"सावली कधीची? सकाळची का दुपारची?"

बाईंनी वर पाहिलं. ही चेष्टा आहे की प्रश्न, हे गुणाजीबुवांच्या तोंडाकडे बघून आजवर कुणाला कळलेलं नाही.

बुवा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांचा मठ म्हणजे ओढ्याकाठची कुडाची एक खोली, शेणाने सारवलेली. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. येणाऱ्याला पाणी मिळतं, आणि बहुतेकांना तेवढंच मिळतं. तरी लोक येतात. लोकांचं काय, पाणी मिळालं तरी कृपा झाली म्हणतात.

डॉक्टर नलिनी शेवडे कृपेसाठी आल्या नव्हत्या. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि तसं त्यांनी आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं. बुवा "बरं" म्हणाले होते.

बाईंचं काम मोजण्याचं. जंगलाचं शेत झालं, शेताची बाग झाली, बागेचा माळ झाला, की झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन वायू होऊन हवेत जातो. तो किती गेला, कुठून गेला, कुणी घालवला, हे त्या ठरवत. उपग्रहाच्या चित्रांवरून एका दुपारी हजार डोंगर मोजून होतात, असं त्या अभिमानाने सांगत. निदान गेल्या आठवड्यापर्यंत तरी सांगत होत्या.

"हा आपला डोंगर," बुवांनी दाराबाहेर हात केला, "तुझ्या कागदावर काय हाय?"

"तुटलेला."

"कितींदा?"

बाईंनी मान खाली घातली. "सात वर्षांत... सात वेळा."

बुवा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. बाई तांब्या घेऊन उठल्या, तर त्यांनी हातानेच बस म्हटलं.

"हसा," बाई म्हणाल्या. "वाडीतल्या बायकाही हसल्या."

ते असं झालं होतं. गेल्या आठवड्यात बाई नकाशा घेऊन खालच्या वाडीत आल्या होत्या. हा डोंगर दरसाल तुटतो आहे, असं त्यांच्या तक्त्यात दिसत होतं, आणि त्या तक्त्यावरून वरच्या कार्यालयाने डोंगराला कुंपण घालायचं ठरवलं होतं. खांब येऊन पडले होते. कुंपण झालं की डोंगरावरची कवळतोड बंद. कवळ म्हणजे ऐनाच्या झाडाच्या पानांसकट डहाळ्या. त्या वाळवून भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपं करायच्या जागेवर, पसरतात, शेण-माती घालून भाजतात, आणि त्या भाजलेल्या जमिनीत रोप उगवतं. कवळ नाही तर दाढ नाही, दाढ नाही तर लावणी नाही. वाडीत चाळीस घरं.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि नियम समजावून सांगितला. तेव्हा सत्यवती भुवड नावाची एक बाई पुढे आली. कमरेला कोयती होती. तिने शांतपणे विचारलं, "मॅडम, सात येळा तोडलेला ऐन आठव्या येळी कवळ कसा देतो वो?"

मागच्या बायका हसल्या आणि बाई नकाशाकडे बघत राहिल्या. सत्यवती म्हणाली, "वर बुवा हायत. त्येंना इचारा."

म्हणून त्या आल्या होत्या. सोमवारी तक्त्यावर सही करून द्यायची होती आणि आज शनिवार होता.

"चूक कुठं झाली, ते तुला ठाव हाय," बुवा म्हणाले.

"आहे."

"मग माझ्याकडं कशाला आलीस?"

"..."

"बोल. मोठ्यानं बोल. ऐकायला ओढा आणि मी, दोघंच हाव."

बाई बोलल्या. ज्या आवाजात त्या सभांमध्ये बोलत, तो आवाज आज सोबत नव्हता.

"आम्ही दिवाळीचं चित्र घेतो आणि शिमग्याचं चित्र घेतो. पावसात ढग असतात, काही दिसत नाही. दिवाळीला डोंगर हिरवा. शिमग्याला उघडा. म्हणजे तुटला. मशीन तशी नोंद करून मोकळं होतं. पुढच्या दिवाळीला तो पुन्हा हिरवा दिसतो, आणि शिमग्याला पुन्हा तुटला अशी नवी नोंद होते; दरसालची चित्रं मशीन वेगळी धरतं. पण वाढ धरायची तर सलग पाच वर्षं हिरवा दिसावा लागतो, असा नियम आहे."

"आणि तोड धरायला?"

"एक चित्र पुरतं."

"म्हंजे पडला की लगेच पडला. उठला तर पाच वर्षं थांब."

"हो."

"कुणी केलान हा नियम?"

"मी त्या समितीत होते, बुवा."

बुवांनी तांब्या उचलून कोनाड्यात ठेवला. मग म्हणाले, "शितावरनं भाताची परीक्षा करतात, बाय. तू चुलीच्या धुरावरनं करायला गेलीस."

ते उठले. काठी घेतली. मठाच्या मागे दहा-बारा ऐन उभे होते. सगळे खांबांसारखे सरळ. अंगावर डहाळी नाही, जुन्या घावांच्या गाठी तेवढ्या दिसत होत्या.

"आडवी हो."

"काय?"

"ऐनाच्या बुडाशी. डोकं मुळावर ठेव. साडीची काळजी नको, पाचोळा कोरडा हाय."

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मग पाचोळ्यावर आडव्या झाल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरेट झालेल्या बाईने असं झाडाखाली पसरणं त्यांना फारसं रुचलं नव्हतं. पण वाद घालायचंही त्राण नव्हतं.

"वर काय दिसतंय?"

"आकाश."

"आणि?"

"फांद्या तोडलेलं खोड."

"आणि?"

"...शेंड्याला पानं आहेत. मूठभर."

"शेजारच्या झाडाला?"

बाईंनी मान वळवली. एकेक झाड बघितलं. "त्यालाही. सगळ्यांनाच आहेत."

"कवळ काढणारा शेंड्याला कोयती लावत नाय. वरची मूठ झाडाची. ती घेतली तर झाड पुढच्या सालाला उभं ऱ्हात नाय. आमच्या लहानपणी कुणी शेंडा तोडून आला, तर त्येला घरात जेवायला वाढत नसत. माझ्या बापाला एकदा नाय वाढलंन."

"उपग्रहाला एवढी पानं दिसत नाहीत, बुवा. त्याचा एक ठिपका तीस मीटरांचा असतो."

"वरनं बघतो ना तो?"

"हो."

"आणि शेंडाच दिसत नाय त्येला."

बाईंनी उत्तर दिलं नाही. बुवा थोडा वेळ उभे राहिले. मग वाकून बघितलं, तर बाईंना झोप लागली होती.

आठ रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बुवांनी त्यांना उठवलं नाही. शेजारी दगडावर बसून राहिले. एवढंच केलं, की ऊन तोंडावर यायला लागलं तेव्हा काठीवर उपरणं टाकून मध्ये धरलं.

ऊन कलल्यावर बाई दचकून उठल्या. केसांत पाचोळा होता. लाजल्या, आणि मग थकव्यापुढे लाजही टिकली नाही.

"किती वेळ झोपले?"

"मोजलं नाय."

दोघं परत मठात आले. बुवांनी गुळाचा कोरा चहा केला. बाईंनी पिशवीतून तक्ता काढला, पेन्सिल काढली, आणि या डोंगरापुढची सात वर्षं एका रेघेने खोडली.

"झालं," बुवा म्हणाले.

"झालं कुठे? हा एकच डोंगर नाही. ऐनाचे सगळे डोंगर असेच मोजलेत. तीन तालुके, बुवा. सोमवारी मला सगळ्यांसमोर लिहून द्यावं लागेल, की सात वर्षांचे माझे आकडे चुकले. ज्यांना मी शिकवलं, ते हसतील. ज्यांनी मला शिकवलं, ते हसणार नाहीत. ते जास्त वाईट."

"व्हय. वाईटच."

"तुम्ही धीर देणार नाही का?"

"माझ्याकडं असता तर दिला असता."

ओढ्याचा आवाज येत होता. पाणी कमी झालेलं, दगडांवरून कसंबसं उतरणारं. बाईंना वाटलं, आता निघावं. त्या पिशवी आवरायला लागल्या.

"पलीकडच्या डोंगराचं काय लिवलंस?"

बाईंनी ओढ्यापलीकडे पाहिलं. पलीकडचा डोंगर बारा महिने हिरवा. खालपासून वरपर्यंत काजू, एका ओळीत, सारख्या अंतराने.

"जंगल," त्या म्हणाल्या. "पाच मीटरच्या वर झाडं, दिवाळीला हिरवा, शिमग्याला हिरवा. वापर बदललेला नाही. उत्सर्जन शून्य."

"कधीपासनं?"

"पहिल्या चित्रापासून. तीस वर्षं झाली."

"त्याच्या आधी?"

"आधीचं आमच्याकडे काही नाही."

"माझ्याकडं हाय."

बुवांनी चहाची वाटी बाजूला ठेवली. कोनाड्यातून खुरपं घेतलं. आणि जिथे बसले होते, तिथेच सारवलेली जमीन खरवडायला लागले. शेणाचा पोपडा निघाला. त्याखाली लाल माती निघायला हवी होती, सगळ्या मुलखात लाल मातीच आहे. निघाली ती काळी. बुवांनी चिमूटभर उचलून बाईंच्या तळहातावर ठेवली. बाईंनी बोटाने चोळली. बोट काळं झालं.

"कोळसा," बाई म्हणाल्या.

"भट्टी होती हितं. माझी. एकविसाव्या वर्षी हितं आलो. ठेकेदारानं आणलान. लाकूड रचायचं, वर पाला, त्यावर माती, आणि आत धुमसत ठेवायचं. आठ-आठ दिस. धूर पांढरा हाय तवर पाणी जातंय. निळा झाला की कोळसा झाला. आणि धूर दिसेनासा झाला, की समज कोळसाच जळून चाललाय. तेव्हा धावायचं. दिसत नाय तो धूर वाईट, बाय."

"मी तोच मोजते," बाई हळूच म्हणाल्या. "न दिसणारा."

"म्हणून तर सांगतोय."

बुवांचा आवाज चढला नाही. पाठ झालेलं म्हणावं तसं ते बोलत होते.

"पलीकडं किंजळ होते, बेहडे होते, रायवळ आंबे होते. नऊ वर्षं तोडत होतो. शेंडा राखला नाय. शेंडा राखून कोळसा होत नाय. माझ्याइतका झाड ओळखणारा त्या मुलखात दुसरा नव्हता. बापानं शिकवलेलं सगळं तितं कामाला आलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना... तो दांडा मी."

"सगळेच तोडत होते तेव्हा, बुवा."

"मी सगळ्यांचं नाय सांगत. झाड तोडायच्या आधी मी त्येला कव घालायचो. दोन्ही हात पसरून, छाती टेकवून. लोकांना वाटायचं, माया करतोय. माया नव्हती. कवेत किती मावतं त्यावरनं कोळशाची किती पोती निघतील, ते मला समजायचं. पोत्याचा फरक पडत नसे."

बाईंचा हात नकळत पिशवीतल्या टेपेवर गेला. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, असा त्यांचाही नियम होता. त्यांनी हात मागे घेतला.

"मग काजू लागला. डोंगर हिरवा झाला. ठेकेदार गेला. मी खाली घरी जायचं, ते गेलो नाय. भट्टी मोडली, तितंच कूड उभा केला नि बसलो. लोक यायला लागले. कुणी पाया पडतं, कुणी पोराचं नाव ठेवायला सांगतं. मी सांगतो, बाबांनो, ही भट्टी हाय. ते म्हणतात, बुवांचं बोलणं गूढ असतं."

बाईंना हसू आलं आणि ते तसंच विरलं.

"तो डोंगर शून्य नाय, बाय. तू शून्य लिवलंस."

"बुवा..." बाईंनी डोळे मिटले. हे सांगायची वेळ आपल्यावर यावी, याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. "नियम असा आहे, की जमिनीचा वापर बदलला, की वीस वर्षं तिला बदललेली म्हणायचं. मुळं कुजतात, माती उघडी पडते, त्यातून वायू जात राहतो, तो तेवढी वर्षं धरायचा. वीस वर्षं उलटली की तो रकाना बंद. पुढे ती जमीन नव्या नावाची. जुनं धरत नाहीत."

"वीस वर्षांनी जमीन इसरते?"

"विसरत नाही. आम्ही धरत नाही."

"माझी पन्नास झाली. मी पलीकडं जातो कधी कधी. काजूत फिरतो. किंजळाच्या बुंध्याच्या जागा मला ठाव हायत. काठी टेकली की आत जाते. इतकी आत जाते." बुवांनी कोपरापर्यंत हात दाखवला. "मुळं गेली, पोकळ्या ऱ्हायल्या. पावसात माती आत बसते, अजून बसते. एक किंजळ तोडायला मला एक दिवस लागायचा. तुटायचं अजून चाललंच हाय."

बाई कागदावर बोट ठेवून बसल्या. पलीकडच्या डोंगरापुढे शून्य छापलेलं होतं, ठळक आणि गोल.

"तू मघाशी विचारलंस, धीर का देत नाय म्हणून," बुवा म्हणाले. "हितं येतो तो मला काय तरी मागतो. धीर माग, पोर माग, पाऊस माग. मोजायला कुणी आला नाय. आज तू आलीस. पाठीला पिशवी, हातात टेप. तुला चढताना बघितलं, नि मला वाटलं, आली एकदाची. पण तू आलीस ती दुसऱ्याच डोंगरासाठी."

त्यांचे डोळे भरले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

"रकाना बंद हाय म्हणतेस."

"आहे. माझ्या हातात नाही तो."

"बरं."

त्या 'बरं'नंतर बुवा खाली बघत राहिले. खरवडलेल्या जागेवरची काळी माती ते तळहाताने सारखी करत होते. उद्या सारवतील. परवा कुणी येऊन त्यावर डोकं टेकवेल.

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. उतारावर सावली आली होती, वाडीतून धूर वर येत होता, पोचायला तासभर लागणार होता. सोमवारचं सगळं डोळ्यांसमोर होतं. पायात जोडे घालायला त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

मग परत आत आल्या. बुवांसमोर बसल्या. छापील तक्ता पालथा घातला. त्याची मागची बाजू कोरी होती. मांडीवर पाटी घेतात तसा तो कागद घेतला आणि पेन्सिल काढली.

"हे कुठे जाईल, मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कदाचित कुठेच जाणार नाही."

बुवांनी वर पाहिलं.

"किती झाडं होती, बुवा? अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

"..."

"बुवा?"

बुवांनी डोळे मिटले. दोन्ही हात हळूहळू पुढे पसरले. हात म्हातारे होते, पण मधली रिकामी जागा त्यांनी नीट, घट्ट धरली.

"अंदाज नको... पहिला किंजळ. ओढ्याच्या वळणावरचा. दीड कव. लिही."